लस नको म्हणणाऱ्यांची खरी कारणं काय होती? (विदर्भातल्या खेड्यांतले अनुभव हवेत)

वर्धेकाठचा | ६ जुलै २०२५, रात्री ९.४०

मंडळी, कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात तरुण माणसं हार्ट अटॅकने जात असल्याच्या बातम्या आल्या आणि आमच्या पानठेल्यावर २०२१ चा विषय पुन्हा निघाला. "तरी म्या तवाच म्हनलं होतं, सुई टोचून घेऊ नका" असं छातीठोक सांगणारे लगेच पुढे झाले. २ जुलैला केंद्राच्या आरोग्य खात्याने पत्रक काढलं, अचानक होणाऱ्या मृत्यूंशी लसीचा संबंध आढळलेला नाही म्हणून. पण पत्रक पानठेल्यावर कोण वाचतो? तिथे व्हिडिओ चालतो.

लस चांगली की वाईट हा वाद मला इथे नको आहे, त्यासाठी धागे भरपूर आहेत. माझी अडचण वेगळी आहे. लस टाळणाऱ्या खेड्यातल्या लोकांबद्दल तेव्हा जे काही छापून आलं त्यात "अफवा" आणि "अंधश्रद्धा" हे दोनच शब्द होते. माझं गाव आर्वी तालुक्यात. आमच्याकडे पोलिओ रविवारी लेकरू घरी ठेवणारं घर सापडायचं नाही. पायात खिळा घुसला की माणूस धनुर्वाताची सुई मागून घेतो. कुत्रं चावलं तर सगळी इंजेक्शनं मुकाट पूर्ण करतो. सलाइन लावल्याशिवाय बरं वाटत नाही म्हणणारे तर गल्लोगल्ली आहेत. मग हीच माणसं कोरोनाच्या लसीपुढे का अडली?

पाहिलेलं लिहा, ऐकीव नको. ज्यांनी घेतली नाही त्यांनी तर नक्की लिहा, कोणी अंगावर येणार नाही, मी पाहतो.

कोथरूडकर | ६ जुलै, रात्री १०.०५

अडाणीपणा, दुसरं काय. फुकट, दारात आणि तरी नको. आम्ही इकडे रात्र रात्र ॲप उघडून स्लॉट शोधत बसायचो.

लालपरी | ६ जुलै, रात्री १०.३१

कोथरूडकर, दारात लस बऱ्याच नंतर आली. आणि स्लॉट म्हणाल तर तुमच्यासारख्या शहरवाल्यांना तो आमच्याच गावात मिळत होता. :)

आठवत नसेल तर सांगते. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली, पण नोंदणी फक्त ऑनलाइन. शहरातला स्लॉट उघडला की मिनिटात संपायचा, म्हणून लोक खेड्यातली केंद्रं हेरायचे. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात त्या दिवसांत जेवढ्या कार लागल्या, तेवढ्या आमदाराच्या सभेलाही लागत नाहीत. गावातल्या पोरांकडे मोबाइल होते, पण रेंज टाकीवर चढलं तर. ओटीपी येईपर्यंत नागपूरचा माणूस नाव लावून मोकळा. पोरं समोरच्या ओट्यावर बसून गाड्यांचे नंबर वाचत होती.

नंतर २१ जूनपासून धोरण बदललं आणि थेट केंद्रावर येऊन लस घेणं सोपं झालं. मग ग्रामपंचायतीचा भोंगा फिरायला लागला, या हो या. माझ्या काकांनी तेव्हा जे म्हटलं ते अर्ध्या गावाचं मत होतं: "तवा आमच्यासाठी नव्हती. आता शहरवाल्यायचं झालं, उरली म्हनून आमाले बलावता काय?" यात अडाणीपणा कुठला? उरलंसुरलं आपल्या ताटात पडतं हा आयुष्यभराचा अनुभव आहे.

पऱ्हाटीवाला | ७ जुलै, सकाळी ६.१२

म्या अकोला जिल्ह्यातला. लस लवकर घेतली नाई, सांगतो काहून ते. अडानी म्हना, राग नाई. पन हिशेब आयका.

जून मयना. मृग लागला, पानी पडलं, जमिनीले वाफसा आला. टोचल्यावर दोन दिवस ताप येते, आंग मोडून येते, हे सगयेच सांगत होते. खोटं बी नव्हतं, मोठ्या भावाले येऊन गेल्ता, पांघरून घेऊन पडला होता बिचारा भर उन्हाच्या. आता माह्या घरी पेरनी कराले दोन मानसं, म्या अन् बायको. दोघंई पडलो अन् वाफसा गेला तं बियानं कोनाच्या नावानं टाकाचं?

मजुराचं आनखीच अलग हाये. निंदनाले बाईचा रोज तवा दीडशे-दोनशे. दोन दिवस पडली तं तेवढा पैसा गेला, अन् कास्तकार बी थांबत नाई, दुसरी बाई पाह्यते. लस फुकट होती हे शहरात खरं असन. इथं तिची किंमत दोन रोज होती.

कोरोना होईन का नाई, कोनाले माहीत? ताप येईन हे पक्कं. म्हून म्हनलं पोया झाल्यावर पाहू.

लिंबूटिंबू | ७ जुलै, सकाळी ८.५०

+१. आमच्या कारखान्यात लस घेतल्यावर पगारी सुट्टी होती. तुलना करून बघा.

आशा_उपकेंद्र | ७ जुलै, दुपारी २.१८

मी यवतमाळ जिल्ह्यात आशा आहे. घरोघरी हिंडणारी मीच होते, त्यामुळे शिव्याही मीच खाल्ल्या. लोकांच्या डोक्यात एकच कारण नव्हतं, आणि जे तोंडावर सांगायचे ते खरं असायचंच असं नाही. "बीपी आहे", "शुगर आहे", "पोराले विचारून सांगतो" ही तोंडावरची. खरी कारणं ओसरीवर बसून चहा झाल्यावर बाहेर यायची.

सगळ्यात मोठी भीती लसीची नव्हतीच, दवाखान्याची होती. एप्रिल-मे मध्ये गावातली माणसं गाडीत बसून गेली ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर जाळली. घरच्यांना तोंड दिसलं नाही. त्यामुळे केंद्रावर गेलं की आधी नाकात काडी घालतील, पॉझिटिव्ह सांगतील आणि तिथूनच उचलून नेतील, अशी धास्ती बसली होती. लसीच्या रांगेत उभं राहायचं म्हणजे त्याच दारातून आत जायचं. एक आजी मला म्हणाली, "बाई, मेली तं घरी मरीन, त्या खाटेवर नाई."

दुसरं आधार कार्ड. सुई टोचायला आधार कशाला? कर्जमाफीत, पीक विम्यात, रेशनमध्ये आधार दिलं आणि काहीतरी अडकलं, हे प्रत्येकाने भोगलेलं. त्यात ओटीपी मागायचा. ओटीपी कोणाला देऊ नका असं बँकवाले सांगतात आणि आम्ही म्हणतो द्या. मोबाइल घरात एक, तो मुलाकडे, मुलगा पुण्याला.

आता एक आमच्याकडची गोष्ट, जी कोणी लिहीत नाही. कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस असायचे. कुपी एकदा फोडली की चार तासांत संपवायची, उरलं तर टाकून द्यायचं. वाया गेलेल्या डोसांचा हिशेब वर द्यावा लागायचा. त्यामुळे सिस्टर दहा माणसं जमल्याशिवाय कुपी फोडायला धजत नव्हत्या. मी महामुश्किलीने चार जणांना वावरातून उठवून आणायची, ते बाकावर तासभर बसायचे, आणि सहा कमी पडतात म्हणून "उद्या या" व्हायचं. तो माणूस उद्या कशाला येईल? त्याने तर गावभर सांगितलं की गेलो होतो, त्यायच्याच जवय नाई. नंतर वरून सांगणं आलं की डोस वाया गेला तरी चालेल पण माणूस परत पाठवू नका. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बायकांचं आणखी निराळं. पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस घेऊ नका असा मेसेज फिरला होता. सरकारने तो खोटा असल्याचं सांगितलं, पण हा विषय बायका सरपंचासमोर कशा विचारणार? मला विचारायच्या, विहिरीवर, कानात. नव्या नवरीच्या सासूला भीती की पाळणा हलणार नाही. गरोदर बायांना तर आधी देतच नव्हतो, जुलै २०२१ मध्ये द्या म्हणून सांगितलं. काल नाही म्हणत होता, आज हो म्हणता, हे त्यांनी तोंडावर फेकलं.

आणि आम्ही स्वतः? १५ जूनपासून राज्यातल्या आशा संपावर होत्या. कामाचा मोबदला मिळत नाही म्हणून रस्त्यावर बसलेल्या बाईने संप मिटल्यावर दारात जाऊन "सरकारवर विश्वास ठेवा" म्हणायचं. हसायचे लोक. मीही हसायची.

वर्धेकाठचा | ७ जुलै, दुपारी ३.०२

आशाताई, कुपीचं गणित मला ठाऊक नव्हतं. इतका मोठा प्रतिसाद दुपारच्या उन्हात टाइप केलात, आभार. मग लोक शेवटी तयार कशाने झाले तेही लिहा जमल्यास.

उंटावरचा वैद्य | ७ जुलै, रात्री ११.२०

मी एमबीबीएसनंतर बॉन्डवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेत, गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीकडे होतो, त्याच काळात. तिथलं दोन-तीन गोष्टींत वेगळं आहे.

वेळ बघा. ४५ वर्षांवरच्यांसाठी १ एप्रिलला लस सुरू झाली. एप्रिल म्हणजे मोह वेचायचे दिवस, मे म्हणजे तेंदूपत्ता. माडिया आदिवासी कुटुंबाला वर्षाचा रोख पैसा त्या पंधरा-वीस दिवसांत मिळतो. आमचं शिबिर सकाळी दहाला, शाळेत. दहा वाजता गावात म्हातारी कुत्री आणि तान्ही लेकरं. आम्ही अहवालात "अल्प प्रतिसाद" लिहून परत.

दुसरं, मोहाची दारू. लस घेतल्यावर दारू चालत नाही अशी बातमी आमच्या आधी गावात पोचली होती. किती दिवस चालत नाही याचे दर गावागणिक निराळे, कुठे पंधरा दिवस, कुठे वर्ष. सरकारी खुलासा होता की दारूने लसीचा परिणाम कमी होतो असा पुरावा नाही, पण हे डॉक्टरने माइकवर कसं बोलायचं? गडचिरोली दारूबंदीचा जिल्हा. मी गप्प बसायचो. आणि तिथे मोहाची फक्त व्यसन नाही. देवाला लागते, लग्नाला लागते, मयताला लागते. ती तोडा म्हणणं म्हणजे घरातलं कार्य तोडा म्हणण्यासारखं.

तिसरी गोष्ट आकड्यांची आहे, जरा धीराने वाचा. प्रत्येक गावात एक मृत्यू असतो ज्यावर सगळं अडतं. "अमक्याने सुई घेतली आणि आठव्या दिवशी गेला." हे खोटं नसतं. पण आपल्याकडे वर्षाला हजारी साधारण सहा माणसं मरतात. तीन हजार वस्तीच्या गावात वर्षाला अठरा, म्हणजे महिन्याला एक-दोन, कोरोना नसतानाही. त्यात पहिली लस ६० वर्षांवरच्यांना आणि आजारी लोकांना. ज्या महिन्यात गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना टोचलं, त्याच महिन्यात एक-दोन म्हातारे जाणार होतेच. शिवाय दुसरी लाट ऐन भरात, काही जण अंगात विषाणू घेऊनच रांगेत आले. संरक्षण नीट तयार व्हायला दुसऱ्या डोसनंतरही दोनेक आठवडे लागतात. मधल्या काळात आजारी पडला की बोट लसीकडे. हे गावकऱ्याला दिसणार कसं? त्याला आधी आणि नंतर एवढंच दिसतं, आणि माणसाचं डोकं तसंच चालतं, माझंही.

आमच्या बाजूने सर्वांत घातक वाक्य कोणतं होतं सांगू? "काही होत नाही." कर्मचारी उत्साहाने हेच सांगायचे. मग रात्री अंगात कणकण, १०२ ताप. माणूस म्हणतो, काही होत नाही म्हणाले होते, आणखी काय काय लपवलं असेल? आमच्या एका उपकेंद्राच्या सिस्टर उलटं करायच्या. "आज रात्री ताप येईल, हात दुखेल, या चार गोळ्या उशाशी ठेव, परवा कामाला जाशील." गोळ्या हातात देऊनच पाठवायच्या. ताप आला की लोक म्हणायचे बाई बरोबर बोलली. त्यांच्या हद्दीत दुसऱ्या डोसलाही माणसं आली.

प्रश्नचिन्ह | ८ जुलै, सकाळी ९.१५

डॉक्टर, सगळं लोकांच्या डोक्यावर ढकलताय. शंका घ्यायला जागा तुम्हीच दिली. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ ला परवानगी दिली तेव्हा माणसांवरच्या चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष आले नव्हते. कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर आधी चार आठवडे, मग सहा ते आठ, मग मे महिन्यात, ऐन तुटवड्यात, बारा ते सोळा आठवडे. योगायोग? आणि २०२४ मध्ये ॲस्ट्राझेनेकाने इंग्लंडच्या कोर्टात कबूल केलंच की रक्ताच्या गाठी होऊ शकतात. म्हणजे पानठेल्यावरचे बरोबर निघाले की.

उंटावरचा वैद्य | ८ जुलै, दुपारी १.४४

पहिला मुद्दा मान्य. कोव्हॅक्सिनला घाईने परवानगी दिली हे डॉक्टरांनाही खटकलं होतं. १६ जानेवारीला, मोहिमेच्या पहिल्याच दिवशी, दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या निवासी डॉक्टरांनी लेखी मागणी केली होती की आम्हाला कोविशील्ड द्या. डॉक्टर शंका घेतात तेव्हा ती "वैज्ञानिक शंका" आणि मेळघाटातला कोरकू आदिवासी घेतो तेव्हा "अंधश्रद्धा", हे मलाही पटत नाही. पुढे तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष चांगले आले, पण आधीचं आधी व्हायला हवं होतं.

दुसरा मुद्दा अर्धा मान्य. अंतर वाढवल्याने परिणाम वाढतो असा परदेशातला पुरावा होता. पण लसी कमी पडत असताना अंतर वाढलं आणि कारण कोणी धड समजावलं नाही, त्यामुळे "८४ दिवस" हा खेड्यात चेष्टेचा विषय झाला.

तिसरा मात्र नाही. त्या आजाराला टीटीएस म्हणतात. त्यात गाठी होतात आणि सोबत प्लेटलेट कमी होतात. तो अत्यंत दुर्मीळ आहे, बहुतेक वेळा पहिल्या डोसनंतरच्या काही आठवड्यांत दिसतो, आणि २०२१ च्या वसंतातच युरोपात त्याची नोंद होऊन माहितीपत्रकात समावेश झाला होता. २०२४ ला नवं काही कळलं नाही, कोर्टाच्या कागदात आलं म्हणून बातमी झाली. चार वर्षांनी पानठेल्यावर छातीत कळ येऊन पडणाऱ्या माणसाशी त्याचा संबंध नाही. अचानक मृत्यूंवर आयसीएमआरने (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) ४७ रुग्णालयांतून अभ्यास केला, १८ ते ४५ वयोगटावर. लस घेतलेल्यांत धोका वाढलेला दिसला नाही, कमीच दिसला. वाढवणाऱ्या गोष्टी कोणत्या? कोरोनाने रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, घराण्यात असा अचानक मृत्यू होणं, जास्त दारू, अंगाला झेपणार नाही अशी मेहनत. यातलं एकही व्हिडिओत सांगत नाहीत.

जुनीपानी | ८ जुलै, रात्री ८.२७

थोडं मागे जाऊ. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंबईत हाफकिनने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारीला आधी स्वतःला टोचून घेतली. तरी लोक बिथरले, कारण लस आणि घरात घुसून झडती घेणारे गोरे सोजीर यांच्यात त्यांना फरक दिसत नव्हता. पुण्यात त्याच वर्षी रँडचा खून झाला तो लसीवरून नव्हे, त्या जबरदस्तीवरून. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू गेले आणि १९ माणसं दगावली. हाफकिनवर ठपका आला, निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. एक बाटली, पण तिच्या गोष्टीने पंजाबात लसीकरण कोलमडलं.

आता आपल्याकडे या. ३१ जानेवारी २०२१, पोलिओ रविवार. कोरोना लसीकरण सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात १२ लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली, कर्मचारी निलंबित झाले, बातमी देशभर गेली. पोलिओवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या आईला यानंतर तुम्ही नवी लस घेऊन कोणत्या तोंडाने सांगणार? धागाकर्त्याच्या प्रश्नाचं थोडं उत्तर इथे आहे.

आणि नपुंसकत्वाच्या अफवेवर हसणाऱ्यांसाठी: १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. त्या वर्षी तिशीत असलेला माणूस २०२१ ला पंच्याहत्तरचा, म्हणजे पहिल्या यादीतला. त्याला शाळेतलं शिबिर, टेबलावरची यादी आणि टार्गेट ओळखीचं वाटलं तर नवल काय?

कोथरूडकर | ८ जुलै, रात्री ९.१०

हे सगळं ठीक, पण प्लेगचा सोजीर २०२१ ला आठवणारा खेडूत मी तरी पाहिलेला नाही.

जुनीपानी | ८ जुलै, रात्री ९.२२

सोजीर नाही आठवत. नसबंदीची गाडी आठवते. विचारून बघा.

सातपुड्याच्या आडून | ९ जुलै, सायंकाळी ७.३५

मी धारणी तालुक्यात शिक्षक. मेळघाटात भाषा हा पहिला अडथळा. कोरकू ही मुंडा भाषाकुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. "लसीकरण", "प्रतिकारशक्ती", "दुष्परिणाम" असले शब्द भोंग्यातून यायचे, ते आमच्या सहावीतल्या पोरांनाही जड. पोरं घरी जाऊन जमेल तसं सांगायची. पोरांनी सांगितलेलं ऐकून लोक शाळेत विचारायला यायचे, मास्तर तुम्ही घेतली का? घेतली म्हटलं की दंड दाखवा म्हणायचे. देवीची खूण बघून मोठी झालेली पिढी, सुई घेतली तर व्रण कुठे आहे?

इकडे लोकांनी कुपोषणाच्या नावाने कितीतरी योजना, गाड्या, कॅमेरे पाहिलेत. साहेब येतो, फोटो काढतो, जातो, बाळंतपणाला मात्र गाडी मिळत नाही. एकदा एका बाईने आरोग्य पथकाला विचारलं, पावसाळ्यात माझी पोर अडली तेव्हा कोणी आलं नाही, आज निरोगी आहे तर पाच जण कसे आले? पथकातल्या कोणाकडे उत्तर नव्हतं. मला तरी आख्ख्या मोहिमेत याच्याइतकं रास्त कारण दुसरं ऐकू आलं नाही.

पडियार आणि भूमका, म्हणजे गावचे पारंपरिक वैदू-पुजारी, यांच्याबद्दल पेपरात लिहून आलं की ते लोकांना अडवतात. काही अडवत होते. पण जिथे पडियाराने आधी स्वतः घेतली तिथे पुढचं काम सोपं झालं. आमच्या पाड्यावरचा पडियार अट घालून तयार झाला: डॉक्टरने आधी माझ्यासमोर त्याच कुपीतून दुसऱ्या कोणाला टोचायची. टोचली. मग तो बसला, मग त्याची बायको, मग बाकी.

लालपरी | ९ जुलै, रात्री ८.०१

त्याच कुपीतून, हे लाख मोलाचं. आमच्याकडेही शंका तीच होती की साहेबांची कुपी वेगळी आणि आपली वेगळी.

आशा_उपकेंद्र | १० जुलै, दुपारी १.५०

वर विचारलं होतं, लोक तयार कशाने झाले. माझ्या गावापुरतं सांगते.

भोंग्याने कोणी आलं नाही. पोस्टरने नाही. आमच्याकडे संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, तिथे माणसं शांत बसलेली असतात. प्रार्थना झाल्यावर मंडळाच्या बुवांनी मला बोलायला सांगितलं. मी भाषण केलं नाही, विचारा म्हटलं. पहिल्या दिवशी कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी एकाने विचारलं, मेलो तर पोरांना काय देणार? मी म्हटलं काही नाही देणार, खोटं कशाला बोलू. त्यावर सगळे हसले आणि मग खरे प्रश्न सुरू झाले.

शिबिराची वेळ बदलून सकाळी सहा-सात केली, वावरात जायच्या आधी. शनिवारी टोचायचं, रविवारी ताप, सोमवारी बाजाराचा दिवस असल्याने मजुरी तशीही बंद. हे वेळापत्रक वरून आलेलं नव्हतं, गावातल्या बायकांनी करून दिलं.

जबरदस्तीचा उलटा परिणाम पाहिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबादला लस नाही तर रेशन, पेट्रोल नाही असा आदेश निघाला, त्याची बातमी इकडे आली. ज्यांनी हो म्हटलं होतं तेही अडून बसले. "चांगलं असतं तं धमकी कायले देते?" काहींनी मात्र रेशनच्या धाकाने घेतली हेही खरं. आकडा वाढला, पण त्या घरांत मी अजून गेले की दार अर्धंच उघडतं. आता लेकरांच्या लसीला जाते तर बाप कुपी हातात घेऊन नाव वाचतो, तारीख वाचतो. त्याचं मला वाईट वाटत नाही, वाचावी.

प्रश्नचिन्ह | १० जुलै, सायंकाळी ५.४०

आकड्यांवरून आठवलं. त्याच नोव्हेंबरात पहिला डोस पन्नास टक्क्यांच्या आत असलेल्या जिल्ह्यांची देशाची यादी आली, पंतप्रधानांनी बैठक घेतली होती. त्यात आपले बुलडाणा आणि अकोला होते. गडचिरोली, मेळघाटचं सगळे बोलतात, पण बुलडाणा-अकोल्यात कुठले पडियार आणि कुठलं जंगल? पऱ्हाटीवाले दादा, तुमचाच जिल्हा. बोला.

पऱ्हाटीवाला | १० जुलै, रात्री ९.५५

बोलतो. जंगल नाई, पन कापूस हाये, सोयाबीन हाये. सप्टेंबर-ऑक्टोबर सोयाबीन सोंगनी, मंग कापूस वेचनी. त्या सालच्या दिवायीले कापूस आठ हजाराच्या वर गेल्ता, असा भाव आमी कई पाह्यला नव्हता. बोंड फुटलं अन् मजूर नाई भेटला तं रात्री चोरीले जाये. अशात कोन पांघरून घेऊन झोपते?

दुसरी गोठ सांगतो, हसू नका. पुढल्या साली ढोरायले लंपी आला. अकोला, बुलडाना, अमरावती, सगयीकडे. तवा ह्याच गावातले लोक जनावराच्या डॉक्टरच्या मांगं फिरत होते, आमच्या बैलाले आधी टोचा म्हून. काहून? गाठी डोयानं दिसत होत्या. शेजाऱ्याचा बैल गोठ्यात पडलेला दिसत होता. डॉक्टर गोठ्यात येत होता, बैलाले घेऊन तालुक्याले या म्हनत नव्हता. अन् बैलाले ताप आला तं बैल कामाले नाई जात, मालक जाते.

वर्धेकाठचा | १० जुलै, रात्री १०.२०

दादा, तुम्ही शेवटी घेतली का? पोळा झाल्यावर पाहू म्हणाला होतात.

पऱ्हाटीवाला | १० जुलै, रात्री १०.४८

पोयाच्या आधीच घेतली, ऑगस्टात. पोट्टी पुन्याले असते, फोनवर रडली म्हून. एकच डोस झाला. ८४ दिवस मोजले तं ऐन दिवायी. दिवायीले कापूस. तवा ते हर घर दस्तकवाले, म्हंजे घरोघरी जाऊन लस देनारे, आले होते दोनदा, दुपारचे. घराले कुलूप, आमी वावरात. शेजारीन म्हने यादीत नाव लिहून गेले, "लाभार्थी घरी नाहीत". कापूस निंगल्यावर म्या वाट पाह्यली, पन मंग कोनी आलंच नाई.